पिशवीतलं गवत आणि म्हशीच्या पोटातलं गवत

प्रश्न पशुपोषणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. घरचा तबेला आरे कॉलनीत. अभ्यासासाठी तिने चार वैरणी घेतल्या आहेत: संकरित नेपियर, पॅरा गवत, पालघरकडून येणारं सुकं डोंगरी गवत आणि सुबाभळीचा पाला. नमुने नायलॉनच्या पिशव्यांत भरून, पोटाला कॅन्युला (बाहेरून हात घालता येईल अशी झाकणाची नळी) बसवलेल्या म्हशींच्या कोठीपोटात, म्हणजे जिथे जंतू चारा फोडतात त्या पहिल्या पोटात, ठरावीक तास ठेवायचे आणि काय उरलं ते मोजायचं, अशी पद्धत. अडचणी तीन. एकाच गवताचे तीन खेपांचे आकडे जुळत नाहीत. सुक्या गवतातली प्रथिनं सहा तासांनी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसतात. सुबाभूळ पिशवीत छान फुटते, पण काचेच्या सिरिंजमधल्या वायू चाचणीत (वैरण कोठीपोटातल्या द्रवात मिसळून किती वायू सुटतो ते मोजतात) मागे पडते. शिवाय वडील विचारतात, "पिशवीत किती विरघळलं ते राहू दे, माझ्या म्हशीला त्याचा काय फायदा ते सांग."

तुमच्या वडिलांचा प्रश्न आधी घेतो. बाकीची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

वैरणीचा तपासणी अहवाल सांगतो की नेपियरमध्ये प्रथिनं ९ टक्के आणि तंतू ७० टक्के. गवतात काय आहे एवढंच त्यावरून कळतं. म्हैस ते खाते, रवंथ करते, आणि काही तासांनी ते कोठीपोटातून पुढे सरकतं. तेवढ्या वेळात जंतूंनी जितकं फोडलं तितकं तिच्या कामी येतं, न फुटलेले तंतू बहुतेक शेणात जातात. म्हणजे मोजायचे वेग दोन आहेत, फुटण्याचा आणि सरकण्याचा. पिशवी पहिला वेग सांगते. दुसरा ती सांगूच शकत नाही, कारण पिशवीतलं गवत अडकून पडलेलं असतं. तबेल्यातल्या म्हशीच्या पोटात मात्र गवताला मागून येणारा घास ढकलत असतो.

१९७९ साली ओर्स्कोव्ह आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी हे दोन वेग एका सूत्रात आणले, तेच सूत्र तुम्ही वापरता आहात. 'अ' म्हणजे लगेच विरघळणारा भाग, 'ब' म्हणजे वेळ दिला तर फुटणारा भाग, 'क' म्हणजे 'ब' फुटण्याचा ताशी वेग. सरकण्याचा ताशी वेग 'ग' मानला, तर प्रत्यक्ष विघटन = अ + ब × क ÷ (क + ग). आता समजा, तुमच्याकडे दोन गवतं आहेत. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या गवताचे नाहीत. पहिल्याचं अ १५, ब ५०, क ०.०३. दुसऱ्याचं अ २०, ब ४०, क ०.०६. ७२ तासांनी पिशव्या काढल्या तर दोन्ही साधारण ५९ टक्के फुटलेली दिसतील. तुम्ही लिहाल, दोन्ही सारखीच. पण २४ तासांना पहिलं जेमतेम ४१ वर असेल आणि दुसरं ५० च्या पुढे. सरकण्याचा वेग ताशी ०.०३ धरला तर म्हशीला पहिल्यातून ४० टक्के मिळतं, दुसऱ्यातून जवळपास ४७. भरपूर खाणाऱ्या दुभत्या म्हशीत सरकण्याचा वेग ०.०५ धरा, मग पहिलं ३४ च्या आसपास उतरतं आणि दुसरं ४२ वर राहतं. वडिलांना फक्त ७२ तासांचा आकडा दिलात तर हा फरक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. 'क' दिलात तर पोहोचतो. प्रबंधाच्या सारांशात शेवटच्या तासाचा आकडा ठळक टाकून 'क' परिशिष्टात ढकलायची सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहतो, आणि मला ती मुळीच पटत नाही.

हे सूत्र मुळात प्रथिनयुक्त खाद्यांसाठी मांडलं गेलं होतं, तेही स्कॉटलंडमध्ये. पेंडीसारखं खाद्य फुटायला लगेच सुरुवात होते आणि एका दिवसात बहुतेक काम उरकतं. आपल्याकडची गवतं तशी वागत नाहीत. नेपियर, पॅरा, ज्वारी, मका ही उष्ण हवेतली गवतं आहेत. त्यांच्या पानांत शिरा दाट असतात आणि प्रत्येक शिरेभोवती जाड भिंतीच्या पेशींचं कडं असतं. थंड हवेतल्या गवतांत पातळ भिंतीच्या मऊ पेशी जास्त, त्या जंतू पटकन फस्त करतात. त्यात भर म्हणजे तापमान जितकं जास्त तितकं लिग्निन, म्हणजे जंतूंना न फुटणारा लाकडासारखा भाग, लवकर साठतं. त्यामुळे आपलं गवत जंतूंना आधी थांबवून धरतं. जंतू चिकटतात, आत शिरायला वाट शोधतात, मग कुठे फोडायला सुरुवात होते. या थांब्याला सूत्रात जागा दिली नाही तर 'अ' उणे येतो किंवा 'क' भलताच निघतो. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात डोंगरी गवताचा 'अ' उणे ३ आहे, त्याचं कारण हेच. प्रत्यक्षात उणे काही विरघळत नसतं. मॅकडोनाल्ड यांनीच १९८१ साली हा थांबा धरणारी सुधारणा दिली, ती वापरा. आणि ४८ तासांवर थांबू नका. सुक्या गवताला, पेंढ्याला, कडब्याला ९६ तास लागतात, जमलं तर १२०. वक्र सपाट होण्याआधीच मोजणं थांबवलं तर 'ब' किती, हा निव्वळ अंदाज उरतो.

आता वाढलेली प्रथिनं. यात तुमची चूक झालेली नाही, नमुनाही बदललेला नाही. हिशेब करून पाहा. पिशवीत ५ ग्रॅम सुकं गवत, प्रथिनं ३ टक्के, म्हणजे १५० मिलिग्रॅम. सहा तासांत त्या गवतावर जंतूंचा थर बसतो. जंतूंच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मी प्रथिनं असतात. धुऊनही १०० मिलिग्रॅम जंतू चिकटून राहिले, तर ५० मिलिग्रॅम प्रथिनं बाहेरून आली, म्हणजे मूळ प्रथिनांच्या एक तृतीयांश. गवताची स्वतःची थोडीफार गेलीही असतील, पण बेरीज वरच दिसणार. सरकी पेंडीत ही चूक नगण्य ठरते, आपल्या निकस गवतांत तीच सगळा निकाल फिरवते. उष्ण हवेतल्या गवतांची प्रथिनं 'फुटत नाहीत' असं ठोकून देण्याआधी म्हणूनच चिकटलेले जंतू वेगळे करायला हवेत. नायट्रोजन-१५ ची (जंतूंवर खूण करणाऱ्या जड नायट्रोजनची) सोय असेल तर उत्तम. नसेल तर उरलेल्या गवतातला न्यूट्रल डिटर्जंटमध्ये न विरघळणारा नायट्रोजन मोजा. त्या द्रावणात जंतूंची बरीचशी प्रथिनं निघून जातात आणि गवताच्या भिंतीत अडकलेली मागे राहतात. तुमच्या मार्गदर्शकांना हा बदल चालेल का ते विचारा, पण सध्याचा प्रथिनांचा तक्ता आहे तसा छापू नका.

खेपा न जुळण्याचं कारण मी तुमच्याच टिपणातून काढलं. पहिली खेप मार्चमध्ये, दुसरी जुलैत, तिसरी ऑक्टोबरात. आणि तुम्ही लिहिलंय, "म्हशींना नेहमीचा आहार." हा नेहमीचा आहार तिन्ही वेळा एकच होता का? जुलैत पॅरा गवत भरपूर मिळतं, मार्चमध्ये सुकं गवत जास्त जातं आणि त्याची भरपाई चुनी-भरड्याच्या खुराकाने होते. पिशवीतल्या गवतावर काम करणारे जंतू म्हशीने खाल्लेल्या चाऱ्यावर पोसलेले असतात. आहारातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जंतूंनाच नायट्रोजन पुरत नाही आणि तंतूंचं विघटन मंदावतं. उलट खुराक फार झाला, कोठीपोटाचा सामू ६ च्या खाली उतरला, की तंतू फोडणारे जिवाणू हातपाय आखडतात. दोन्ही वेळा पिशवीतलं गवत तेच, 'क' मात्र वेगळा. प्रत्येक खेपेआधी किमान दोन आठवडे ठरलेला एकच आहार द्या. त्यात वैरण जास्त असावी आणि प्रथिनं पुरेशी असावीत. म्हशी तीनपेक्षा कमी नकोत. आणि प्रत्येक खेपेत एका ठरलेल्या गवताची पिशवी सोबत घाला. वाळवून, दळून, बंद डब्यात वर्षभर पुरेल इतका साठा आधीच करून ठेवा. त्या गवताचा आकडा हलला तर समजायचं, म्हशीच्या पोटातली परिस्थिती हलली.

दुसरं कारण मुंबईची हवा. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. परळला काम करत असताना एका जुलैत मी ओव्हनमधून काढलेल्या पिशव्या टेबलावर मांडल्या आणि एकेक वजन करू लागलो. दहावी पिशवी तराजूवर ठेवली तेव्हा काट्यावरचा शेवटचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर चढत होता. थांबायलाच तयार नाही. नायलॉन दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के पाणी सहज पितं, आणि सुकं गवत त्याहून जास्त. २ ग्रॅमच्या पिशवीत ८० मिलिग्रॅम पाणी शिरलं तर ५ ग्रॅम नमुन्यावर दीड टक्क्याहून अधिक फरक पडतो, गवताने प्यायलेलं पाणी वेगळंच. पहिल्या आणि दहाव्या पिशवीत जो फरक मी पचनाचा समजत होतो, तो बराचसा पावसाचा होता. ती सगळी खेप पुन्हा करावी लागली. तेव्हापासून पिशव्या ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये (हवेतला ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात), तिथून एकावेळी एकच बाहेर, आणि वजन अर्ध्या मिनिटाच्या आत. शक्य असेल तर पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्या, त्या पाणी फारच कमी धरतात. नाव नायलॉन पिशवीचंच चालू राहिलं तरी हरकत नाही.

वाळवणही जपून. ६० अंशांच्या वर जाऊ नका. घाईत १०० अंशांवर वाळवलेल्या गवतात प्रथिनं साखरेशी घट्ट बांधली जातात आणि लिग्निन वाढल्यासारखं दिसतं. पावसाळ्यातलं पॅरा गवत म्हणजे बहुतांशी पाणीच असतं. त्याचा ढीग तसाच ठेवला तर संध्याकाळपर्यंत आतून गरम होतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. कापलं की पातळ थर पसरून लगेच ओव्हनमध्ये.

पिशवीचं माप तुम्ही बरोबर घेतलंय. १० बाय २० सेंटिमीटरच्या पिशवीत ५ ग्रॅम म्हणजे दोन्ही बाजू धरून दर चौरस सेंटिमीटरला साडेबारा मिलिग्रॅम. १० ते २० मध्ये चालतं. छिद्रं ४० ते ६० मायक्रॉन. दळण २ ते ३ मिलिमीटरच्या चाळणीतून. पिठासारखं बारीक केलंत तर कण छिद्रांतून निसटतात आणि तुम्ही त्यांना पचलेलं धरता. हे तपासायला शून्य तासाची पिशवी नुसत्या पाण्यात धुवा आणि तेच दळण गाळणकागदावर विरघळवून पाहा. दोन आकड्यांत जो फरक येईल ती गळती.

धुण्यातला फरक टाळायला पिशव्या वेगवेगळ्या वेळी आत सोडा आणि सगळ्या एकदम बाहेर काढा. म्हणजे ९६ तासांची आणि ६ तासांची पिशवी एकाच पाण्यात, एकाच हाताने धुतली जाते. पिशव्या बांधलेल्या साखळीला वजन लावा. ते नसलं तर पिशव्या वरच्या गवताच्या थरात तरंगत राहतात आणि खालच्या द्रवात बुडतच नाहीत.

एक सवय लावून घ्या, हिचा उल्लेख पद्धतीच्या पानावर सापडणार नाही. वजन झाल्यावर पिशवी उघडून आतला ऐवज पांढऱ्या ताटलीत ओता आणि भिंगाखाली पाहा. ४८ तासांनंतर कोवळ्या नेपियरच्या पानांतून फक्त शिरांची जाळी उरलेली असते, मधलं सगळं गेलेलं. ७५ दिवसांच्या नेपियरच्या कांडीचे तुकडे मात्र तसेच्या तसे, कडा जरा मऊ झालेल्या, आतला गाभा खाल्लेला आणि बाहेरचं वलय नखाने दाबलं तरी दबत नाही असं. पान आणि कांडी वेगळी मोजण्याचा हट्ट मी का धरतो ते तिथे दिसतं. पूर्ण झाडाचा एकच आकडा म्हणजे दोन वेगळ्या वैरणींची सरासरी, आणि कापणी उशिरा झाली की त्यात कांडीचा वाटा वाढत जातो.

सुबाभळीचं कोडं टॅनिनचं, म्हणजे पाल्यातल्या तुरट, जंतूंना अडवणाऱ्या द्रव्याचं आहे. पिशवी म्हशीच्या पोटात असते, तिथे द्रव भरपूर. पाल्यातलं विरघळणारं टॅनिन पिशवीबाहेर जाऊन विरून जातं आणि आतल्या जंतूंना मोकळीक मिळते. मेंके यांच्या वायू चाचणीत २०० मिलिग्रॅम नमुना आणि ३० मिलिलिटर द्रव एकाच सिरिंजमध्ये कोंडलेले असतात, टॅनिनला जायला जागा नसते. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. तबेल्यात म्हशीला नुसता सुबाभळीचा पाला घातला तर तिची गत सिरिंजसारखी, थोडा पाला सुक्या गवतात मिसळला तर पिशवीसारखी. ही चाचणी दोनदा करा, एकदा साधी आणि एकदा पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून. ते टॅनिनला बांधून टाकतं, म्हणून वायूत जितकी वाढ होईल तितका टॅनिनचा अडथळा. पाला ओव्हनमध्ये वाळवलात तर टॅनिनचा मोजता येणारा भाग घटतो, म्हणून यासाठीचा नमुना सावलीत वाळवलेला असू द्या. आणि नुसता वायू मोजून थांबू नका, सिरिंजमध्ये उरलेलंही तोला. जंतूंच्या वाढीत गेलेला भाग वायू देत नाही.

सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी द्रव्याचा विषय टॅनिनपेक्षा वेगळा. ऑस्ट्रेलियात जनावरांना त्याचा त्रास व्हायचा, हवाईतल्या जनावरांना होत नव्हता. रेमंड जोन्स यांनी तिकडचे कोठीपोटातले जंतू १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि त्रास थांबला. त्या जिवाणूला पुढे त्यांच्यावरूनच सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. तरीही तुमच्या वडिलांना मी सांगेन की सुबाभूळ एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा आणि हळूहळू वाढवा.

सिरिंज चाचणीसाठी कोठीपोटातला द्रव देवनारच्या कत्तलखान्यातून आणता असं लिहिलंय. त्याला माझी ना नाही. कॅन्युलाची म्हैस नसलेल्यांना मुंबईत दुसरा मार्ग तरी कुठला? पण कापण्यापूर्वी जनावर बराच वेळ उपाशी असतं आणि त्याने आधी काय खाल्लं होतं ते आपल्याला माहीत नसतं. असा द्रव दुबळा असू शकतो. किमान तीन जनावरांचा एकत्र करा. थर्मास आधी ३९ अंशांच्या पाण्याने तापवून घ्या आणि काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. सायनला गाडी अडकून पाऊण तास गेला तर त्या द्रवाची रिकामी (वैरण न घातलेली) सिरिंज आणि ठरलेल्या गवताची सिरिंज काय बोलतात ते पाहूनच निकाल स्वीकारा.

आता पुन्हा वडिलांकडे. प्रयोगाच्या म्हशीला वैरण जास्त आणि खुराक बेताचा असतो. तबेल्यातल्या म्हशीसमोर दूध काढताना चुनी, सरकी पेंड, भरडा यांचं घमेलं असतं. तिच्या कोठीपोटाचा सामू दोनदा खाली जातो, आणि ती खातेही जास्त म्हणून गवत लवकर पुढे सरकतं. म्हणजे फुटण्याचा वेग कमी, सरकण्याचा जास्त. वरच्या उदाहरणातलं ४७ तिच्या पोटात ४० वर आलं तर नवल नाही. यावर उपाय त्यांच्याच हातात आहे. खुराक दोनऐवजी तीन-चार वेळा विभागून द्या आणि त्याआधी थोडी वैरण पोटात जाऊ द्या. नेपियर ४५ ते ५० दिवसांवर कापलेलं मागा; उंच, जड मोळी पाहून भाव देऊ नका. सुक्या गवताबरोबर नायट्रोजन देणारं काहीतरी त्याच वेळी गव्हाणीत हवं, सुबाभूळ असो की लसूणघास. सकाळी सुकं गवत आणि रात्री पाला असं केलं तर जंतूंना हवं ते हवं त्या वेळी मिळत नाही. युरिया प्रक्रिया पेंढ्याला चांगली, पण तीन आठवडे बंद ठेवायला जागा लागते आणि प्रमाण चुकलं तर जनावर जातं. आरेतल्या गर्दीच्या तबेल्यात मी ती सुचवणार नाही.

वडिलांना पिशवीशिवाय पाहता येईल अशी एक तपासणी सांगतो. एकाच म्हशीचं ताजं शेण दोन ओंजळी घ्या, रव्याच्या चाळणीत घाला आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कोठीपोटातून नीट सरकलेले कण साधारण दोन मिलिमीटरच्या आतले असतात. चाळणीत बोटाच्या पेराएवढे गवताचे तुकडे, चुनीची टरफलं, अख्खे दाणे उरत असतील, तर वैरण वेळेआधी बाहेर पडते आहे. हे पाच म्हशींचं करा, खुराक विभागून दिल्यावर तीन आठवड्यांनी त्याच पाच म्हशींचं पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचं उरलेलं वाळवून शेजारी शेजारी बरण्यांत ठेवा.

तुमच्या पुढच्या खेपेत पाचवी वैरण म्हणून घरच्या गव्हाणीतली कुट्टी घाला, ज्या प्रमाणात वडील ती मिसळतात त्याच प्रमाणात, दळून. दोन म्हशींना प्रयोगाचा आहार द्या आणि प्राणी-प्रयोगांच्या समितीची परवानगी मिळाली तर तिसऱ्या-चौथ्या म्हशीला तबेल्याचा. दोन्ही 'क' आले की मला पाठवा, थांबा धरून वक्र कसा बसवायचा ते आपण तुमच्याच आकड्यांवर बघू.